भागीरथीचा पाटा

मी एक जुना पाटा आहे. काळ्या दगडाचा, अंगाने जड आणि स्वभावानेही थोडा जडच. मित्रांनो, तुमच्या घरी मिक्सर घरघरतो, त्यामुळे माझी ओळख करून द्यावी लागते.

धुळ्याजवळच्या एका पाथरवटाने टाकीचे घाव घालून मला घडवले. सुकलालला सुरतेत मागावर काम लागले, तेव्हा त्याची बायको भागीरथी मला वरवंट्यासकट घेऊन तिथल्या नवागाम वस्तीतल्या खोलीत आली. तीस वर्षे मी तिचा ठेचा वाटला. "भागी, तुना पाटाले चव शे!" असे सुकलाल म्हणायचा, तेव्हा मी दगड असूनही फुलून जायचो. एकच खंत होती. बारशाला वरवंट्याला टोपडे घालून बाळाच्या आधी पाळण्याखालून फिरवतात. आमच्या घरी पाळणा कधी बांधलाच गेला नाही.

भागीरथी गेली आणि सुकलालने मला नळाजवळ भिंतीला टेकवून ठेवले. शेजारी ओडिशाचे योगेंद्र आणि रंजना राहायला आले, तर हा दारातूनच करवादायचा, "यासनी बोलीच समजत नही!" रंजनाला पाचवा महिना होता, तरी ती त्याला मोहरीतली वांग्याची भाजी आणून द्यायची. तो तोंड वाकडे करून घ्यायचा आणि ताटली चाटूनपुसून परत करायचा.

एकदा ती म्हणाली, "काका, मिक्सर में सरसों कड़वा होता है." जूनच्या मध्यावर एका सकाळी सुकलालने मला घासून धुतले, वर मिरच्या-लसूण ठेवला आणि मला तिच्या दारात नेले. "लो बेटी, ठेचा बनाव." रंजनाने हात मागे घेतला. "आज नहीं, काका."

सुकलालचा चेहरा पडला. "हमारा पाटा तुमको चलता नहीं क्या?" ती हिंदीत शब्द शोधत राहिली आणि हा मला उचलून परतलाही. गटारीवरची फरशी फुटली होती. तिथे सोमवारी मला घालायचे, असे त्याने ठरवले. भागीरथीच्या हाताखालचा मी, आता लोकांच्या चपलांखाली जाणार होतो. मला फार वाईट वाटले.

सोमवारी सकाळी त्याने मला उचलायला हात घातला, तोच रंजना हळद, फुले आणि पाण्याची कळशी घेऊन आली. मागून योगेंद्र समजावू लागला, "काका, इस त्योहार में तीन दिन हमारे यहाँ धरती माँ आराम करती है. हल नहीं चलता, पत्थर पे कुछ पीसते नहीं. चौथे दिन पत्थर को धरती मान के नहलाते हैं. हमारा पत्थर तो गाँव में रह गया."

रंजनाने जपून खाली बसून मला न्हाऊ घातले, हळद लावली. सुकलाल पाहत राहिला. मग डोळे पुसत पुटपुटला, "भागी बी दिवाळीले याले अशीच हळद लाये."

त्या दुपारी ठेचा झाला. आठवडाभरात टाकीवाली येऊन माझी गुळगुळीत झालेली पाठ खरखरीत करून गेली. तेव्हापासून सकाळी मोहरी आणि संध्याकाळी ठेचा, अशी माझी दोन घरांत ने-आण चालते.

रंजनाला मुलगी झाली. त्यांच्या रीतीप्रमाणे एकविसाव्या दिवशी नाव ठेवताना सुकलालने ट्रंकेतून एक टोपडे काढले. भागीरथीने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ते शिवले होते, हे मलाच ठाऊक. त्याने ते माझ्या वरवंट्याला घातले आणि त्याला पाळण्याखालून फिरवले. मुलीचे नाव नूतन आहे. सुकलाल तिला भागी म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या घरी भिंतीला टेकवलेला एखादा पाटा असेल, तर त्याला एकदा आडवा करा. वाटायला काही नसेल, तर शेजारी विचारा.