चार ठिकाणी थांबली

अध्यापक विद्यालयाच्या सूचनाफलकावर अराबा एसिल्फीच्या नावापुढे ‘संगीत प्रात्यक्षिक : नापास’ असं लिहिलेलं होतं. अराबाने ते तीनदा वाचलं. मग दुःखाला सोबत असलेली बरी म्हणून शेजारच्या खोलीतल्या मुलीचं नाव शोधलं, तर ती पास. तिने सूर लावला की वसतिगृहामागच्या कोंबड्या दिवसाढवळ्या खुराड्यात शिरत, ती पास!

हा एक विषय राहिला तर सप्टेंबरात शाळेवर नेमणूक नाही, पुरं वर्ष पुन्हा. आणि नेमणूक तर तिच्याच गावच्या शाळेत ठरलेली, पहिलीच्या वर्गावर. पोरं आत्तापासूनच तिला रस्त्यात ‘बाई’ म्हणू लागली होती.

कार्यालयात जाऊन तिने शेरा पाहिला. ‘चार ठिकाणी थांबली. शब्द आठवत नसावेत.’ खाली डॉ. बायोर यांची सही.

अराबा वाचतच राहिली. थांबली होती, हे खरं. पण तिथे थांबायचंच असतं.

त्यांच्या किनाऱ्यावरच्या फान्ती लोकांच्या चर्चमध्ये पाळकबुवा प्रवचन करता करता दाविदाच्या गोफणीपाशी आले, की बाकावरची एखादी बाई उठते आणि तोच प्रसंग गाण्यात उचलते. एक ओळ टाकते आणि थांबते. पुढची ओळ सारी मंडळी पुरी करतात. पाळकबुवांनी तेवढ्यात घाम पुसून घ्यायचा. या गाणाऱ्या बायकांची म्होरकी अराबाची मान्सा मावशी. तिच्या पाठीवर बांधलेली असल्यापासून अराबा हे ऐकत आली होती. बोलायच्या आधी ओळ झेलायला शिकली होती. परीक्षेत ‘आपल्या गावचं गाणं म्हणा’ म्हटल्यावर ती दुसरं काय म्हणणार?

डॉ. बायोर मात्र दूर उत्तरेकडचे. माणूस सरळ. त्या दिवशी त्यांनी मूठभर शेंगदाण्यांवर चाळीस मुली ऐकल्या होत्या.

मान्सा मावशीला हे कळलं तेव्हा तिने त्या मुलुखातला जुना उपाय काढला. थोरामोठ्याशी वाकडं आलं, की वडीलधारी माणसं घेऊन जायचं आणि गुडघे टेकून माफी मागायची. चार बायका, पांढरी वस्त्रं, टोपलीभर अननस. तिची तयारी झालीसुद्धा.

अराबा म्हणाली, “मावशी, माफी मागितली की चुकल्याची कबुली होते. मी चुकलेच नाहीये.”

“अगं, न चुकलेल्यानेच माफी मागावी. त्याला लाज वाटत नाही.”

अराबाने ऐकलं नाही. फेरतपासणीचा अर्ज केला. गुरुवारी दहाची वेळ मिळाली.

गुरुवारी ती पोचली तर व्हरांड्यातल्या बाकावर मावशी आणि चार बायका ओळीने बसलेल्या, पायाशी टोपली. अराबाने हात जोडले, म्हणाली, आलात तर आलात, पण आवाज नको. मावशीने तोंडावर हात ठेवून दाखवला.

आत प्राचार्या क्वान्साबाई आणि डॉ. बायोर होते. अराबाने मांडलं, की मी थांबले ते विसरले म्हणून नाही. तिथे पुढचं ऐकणाऱ्यांनी म्हणायचं असतं.

“त्या खोलीत पुढचं कोण म्हणणार होतं?” बायोरांनी विचारलं.

“तेवढं चुकलं, सर. सवयीने वाट पाहिली. वाटलं, तुम्ही म्हणाल.”

क्वान्साबाईंना एकाएकी खोकला आला.

बायोर रागावले नाहीत. म्हणाले, विसरणारा कुणीही असंच म्हणेल, तेव्हा पाठ केलेलं गाणं नको. त्यांनी बायबल उघडलं आणि मिळालं त्या पानावर बोट ठेवलं. पहाटेचा किनारा, रात्रभर राबलेले कोळी, आणि काठावर उभा असलेला प्रभू. यावर गा, म्हणाले.

अराबाने डोळे मिटले. कोळ्यांचीच पोर ती. रिकामी होडी घेऊन येणारा बाप तिने शंभरदा पाहिला होता. तिने सूर धरला, रात्र गाइली, दमलेले हात गाइले, आणि काठावरून हाक घातली: “पोरांनो, जाळ्यात आहे का काही?”

आणि थांबली.

पंखा तेवढा कुरकुरत होता. बायोरांनी पेन उचललं. अराबाच्या मनात आलं, आता पुढची ओळ स्वतःच म्हणावी की काय?

इतक्यात खिडकीच्या पट्ट्यांतून पाच आवाज आत आले.

“नाही रे बाबा, रात्र सरली, जाळं रितंच राहिलं!”

सगळ्यांच्या वर मान्सा मावशीचा. देव गळा देतो, त्याला झाकण देत नाही.

अराबाने दुसरी ओळ टाकली, बाहेरून ती झेलली गेली. तिसरीला क्वान्साबाईच गुणगुणल्या आणि लगेच कागद चाळू लागल्या.

बायोर खिडकीशी गेले. “हे तुम्हाला आधी सांगून ठेवलं होतं?”

“आम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं, मास्तर,” मावशी म्हणाली. “बसलोही होतो.”

“मग?”

“पोरीने ओळ टाकली. खाली पडू कशी द्यायची?”

बायोर टेबलाशी परत आले. मग म्हणाले, आमच्या गावी लाकडी पट्ट्यांचं वाद्य दोघं समोरासमोर बसून वाजवतात. एकटाच वाजवायला बसला तर म्हातारे विचारतात, दुसरा कुठे गेला? “मी तेवढंही विचारलं नाही,” असं म्हणून त्यांनी आपल्याच शेऱ्यावर काट मारली. गुण नव्याने दिले. शेवटी सूर चढला म्हणून सहा कापले, पण अराबा पास झाली. गुणपत्रकावर दोन्ही सह्या झाल्या.

व्हरांड्यात मावशीने गुडघे टेकलेच.

“आता कशाची माफी?” बायोर गोंधळले.

“गप्प न बसल्याची. एवढ्या लांब आलोय, रिकामं कसं जायचं?”

अननस त्यांनी घेतले नाहीत. परीक्षेच्या कामात नकोत, म्हणाले. मग मावशीने त्यांना रविवारी चर्चला बोलावलं, अननस तिथे कापू म्हणाली.

ते आले. मागच्या बाकावर अवघडून बसले. पाळकबुवा नोहाच्या तारवात जनावरं चढवत होते, तेव्हा अराबा उठली आणि तिने ओळ टाकली. साऱ्या चर्चने ती उचलली, आणि अर्धा ठोका मागाहून एक जाडाभरडा उत्तरेकडचा आवाज आला.

मान्सा मावशीने मान वळवून पाहिलं. “गळा बेताचाच आहे,” ती शेजारणीला म्हणाली, “पण पास करा.”