काचपेटीतल्या गोगलगायी

माझा धाकटा हनुमान अंथरुणाला खिळून आहे. कडा गावाहून येताना गाडी उलटली, मेंदूला आणि मानेला मार बसला. गाडी थोरला अमरसिंह चालवत होता. त्याच्या कोपराला खरचटलं तेवढंच.

हनुमानाची वाचा गेली, हातपाय गेले. राहिले डोळे. 'हो' म्हणायचं तर एकदा पापणी मिटतो, 'नको' म्हणायचं तर दोनदा. दवाखान्यातून आणला तेव्हा नाकात नळी होती. मी म्हणलं, माझं लेकरू नळीनं जेवणार न्हाई. त्याची माशांची काचपेटी बैठकीतून उचलायला लावली आणि खाटेसमोर मांडली. ती त्यानंच हौसेनं केलेली. तळाला माती, वर वाळू, त्यात हिरवीगार झाडं आणि झाडांतून फिरणारे निळ्या-तांबड्या रेघेचे बारके मासे. मी दाणे टाकायची, मासे वर यायचे, तो बघायचा आणि बघता बघता चमच्यातली पेज गिळायचा. दिवाळीच्या आत नळी निघाली. डॉक्टर म्हणाला, कसं काय केलं? म्हणलं, तुमच्या पुस्तकात न्हाई ते.

मग पेटीत गोगलगायी झाल्या. हनुमानाच्या बायकोनं, सुरेखानं, नगरहून एक नवं झाड आणलं होतं, त्याच्या पानाखाली अंडी चिकटून आली. बघता बघता काच भरून गेली, पानांची चाळण झाली. हनुमान नजरेनं मासे हुडकत राही आणि घास तोंडातच राही.

नगरच्या दुकानदाराला, राधाकिशनला फोन लावला. तो म्हणाला, "आजी, दाणे तुमीच लई टाकता. उरलेलं खाऊन त्या वाढतात. सांजच्याला काकडीची फोड आत सोडा, सकाळी तिला चिकटलेल्या उचलून टाका. औषध मात्र घालू नका. सगळ्या एकदम मेल्या तर आतच सडतील, पाणी नासंल, मासे जातील."

"वावरात गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं टाकून गोगलगायी धरतो, तसंच की."

"तसंच."

रोज फोड सोडायची, रोज वेचायच्या, कोंबड्यांपुढं टाकायच्या. सुरेखा म्हणायची, "आत्या, ह्या कधी सरणार?"

"तोंड चालवून सरत असत्या तर तू कवाच सरवल्या असत्यास. हात चालव."

काच मोकळी व्हायला लागली. घास पुन्हा उतरू लागला.

अमरसिंह अधूनमधून यायचा. मागं चार माणसं, पायात बूट, उंबऱ्याच्या आत पाऊल न्हाई. एकदा मला वेचताना बघून म्हणाला, "आई, काय हे किडे उचलत बसलीस? एका दिवसात साफ करतो."

"तू हात घातलेलं काय होतं ते खाटेवर दिसतंय. लांब राहा."

चारचौघांत बोलले. त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं.

पुढं नणंदेच्या दहाव्याला आष्टीला जायचं झालं. सुरेखाची अंगणवाडी होती. अमरसिंह एकटाच आला, बूट काढले, आत येऊन भावाच्या खाटेला टेकला. "मी बसतो. जा तू," म्हणाला. अपघातानंतर पहिल्यांदाच तो इतका जवळ बसला, म्हणून मी गेले.

दिवस कलता परतले. सुरेखा अजून यायची होती. वास उंबऱ्यातच आला. पेटीतलं पाणी ताकासारखं झालेलं, तळाला गोगलगायींचा खच, वर मासे आडवे तरंगत होते. खिडकीत सोयाबीनच्या गोगलगायींवर टाकायच्या गोळ्यांचं फोडलेलं पाकीट. हनुमानाचं तोंड पेटीकडंच, मी सकाळी ठेवून गेले तसं. डोळ्यातलं पाणी कानात उतरून उशी भिजलेली. जवळ कुणी न्हाई.

फोन लावला. "कुठं हाईस?"

"परळीच्या वाटंला. पक्षाची बैठक हाय. झाल्या का साफ?"

"झाल्या. मासेबी झाले."

मी खिडकीतलं पाकीट उचललं.

"किती वेळ बसलास?"

"गोळ्या टाकल्या आन फोन आला, आई. म्हणलं, सुरेखा येईलच."

"त्याला मान वळवता येत न्हाई, अमर. सगळं बघितलं त्यानं."

त्या दिवसापासून हनुमानानं तोंड मिटलं. चमचा ओठाला लावला की पापणी दोनदा. दूध, दोनदा. शिरा, दोनदा. डोळे खोल गेले, हनुवटीचं हाड वर आलं. डॉक्टर म्हणाला, आता नळीच.

अमरसिंह नवे मासे घेऊन आला, फुगवलेल्या पिशवीत, अंगणातच उभा राहिला. मी पिशवी हनुमानापुढं धरली. "भावानं आणलेत. सोडू?"

दोनदा.

"पेटी हलवू?"

दोनदा.

"अमरला आत घेऊ?"

डोळे मिटले, ते बराच वेळ उघडलेच न्हाईत. हो का नको, मला कळलं न्हाई.

बाहेर अमरसिंह म्हणाला, "काय म्हणला?"

"उद्या नर्सबाई नळी घालायला येणार हाय. डोकं धरायला माणूस लागतं. तू ये."

"मला बघवायचं न्हाई, आई."

"त्याला कुणी विचारलं होतं?"

तो आला. त्यानं डोकं धरलं, मी हनुवटी. नळी आत जाईपर्यंत हनुमान अमरकडं बघत होता आणि अमर भिंतीकडं.