वीस महिन्यांची कातळ

सकाळी सहाला रूपा साळवे हॉटेलच्या मागच्या दारानं आत आली आणि थेट कोठीत गेली. बारा बाटल्या उभ्या ठेवलेल्या होत्या, गाळ तळाशी बसलेला. तिनं पिशवीतून बूच काढायचा स्क्रू काढला, तेवढ्यात मागून सर्जेराव आले.

"आत्ता नाय उघडायच्या," ते म्हणाले. "पाहुण्यांसमोर उघडायच्या. फोटोवाला बोलावलाय मी."

"साहेब, ते लोक अकराला बसणार. आत्ता उघडल्या तर पाच तास हवा लागेल. नाहीतर ही वाइन तोंडच उघडत नाही."

"सहा वर्षं झाली की तिला. आणखी किती वेळ पाहिजे?"

रूपानं स्क्रू परत पिशवीत टाकला. मालकांशी वाद घालायची तिची पद्धत नव्हती. आणि आज तर तिला त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणंही जड जात होतं.

सर्जेरावांची वायनरी खुलताबादच्या पुढं, म्हैसमाळच्या उतारावर होती. घरची जमीन कपाशीची. त्यांनी कपाशी मोडून वाइनची द्राक्षं लावली तेव्हा सगळी भावकी हसली होती. रूपा तिथं अकरा वर्षं होती; विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून प्रयोगशाळेत लागली आणि हळूहळू तळघरातल्या पिंपांपर्यंत पोचली. 'कातळ' ही त्यांची सगळ्यात मोठी वाइन. फ्रान्समधल्या बोर्दो भागात करतात तशी, कॅबर्ने आणि मर्लो या दोन द्राक्षांची, त्यात पेटी व्हर्दो या तिसऱ्या द्राक्षाचा थोडा हात. असली वाइन लहानपणी कडक असते. दहा-पंधरा वर्षं बाटलीत पडून राहिली की मग तिच्यात मऊपणा येतो. ती तेवढी टिकेल की नाही, हे आज तीन परीक्षक सांगणार होते.

रूपाला रात्रभर झोप नव्हती, ती मात्र दुसऱ्याच गोष्टीनं.

वायनरीला एक नाशिकचे सल्लागार होते. त्यांनी लिहून दिलं होतं: २०१९ची वाइन ओकच्या लाकडी पिंपात बारा महिने ठेवायची, मग गाळून स्टीलच्या टाकीत घ्यायची. बारा महिने भरले ते २०२०च्या एप्रिलात. सगळं बंद. सर्जेराव पुण्यात अडकलेले, सल्लागार नाशकात. रूपा पास दाखवत भावसिंगपुऱ्यातल्या घरून स्कूटीवर दौलताबादचा घाट चढून एकटी वायनरीवर जायची आणि पिंपांतली उडून घटलेली वाइन वरून भरून काढायची. एके दिवशी तिनं वाइन चाखली. बाभळीची साल चावावी तशी लागली, जीभ टाळूला चिकटली. पण त्या कडूपणाच्या मागं काहीतरी होतं, जे अजून बाहेर आलं नव्हतं. ती त्या दिवशी पिंपाशेजारी तासभर उभी राहिली. मग सल्लागारांचा फोन आला.

"घेतली का टाकीत?"

"हो सर," ती म्हणाली.

घेतली नव्हती. डिसेंबरपर्यंत तिनं ती तशीच लाकडात ठेवली, वीस महिने, आणि न गाळता बाटल्यांत भरली. कुणालाच सांगितलं नाही. एकट्या बन्सीला ठाऊक होतं, तो तळघरातच काम करायचा. पण तो न विचारता बोलणारा माणूस नव्हता. सर्जेरावांच्या माहितीपत्रकावर 'बारा महिने ओकमध्ये' असं सोनेरी अक्षरांत छापून आलं, आणि पाच वर्षं ते तसंच छापलं जात होतं.

अकराला परीक्षक बसले. मुंबईचा सत्यम, तरुण, चटपटीत, मोबाइलसमोर बोलत बोलत चाखणारा. बंगळुरूचे एक गृहस्थ, शांत आणि नेमके. आणि पुण्याच्या मंजुषाताई, साठीच्या, केस पांढरे, समोर साधी शाळेची वही. प्रत्येकासमोर चार ग्लास आणि एक पिकदाणी. सर्जेरावांनी टाळ्यांत बाटली उघडली, फोटो झाले.

रूपा भिंतीशी उभी राहिली. हात पुढं घ्यावेत की मागं, तिला कळेना.

सत्यमनं ग्लास फिरवला, नाक खुपसलं. "वा! शिसपेन्सिल तासल्यावर येतो तो वास. देवदाराचं लाकूड. फळ काळं आहे, पण लांब उभं आहे." तोंडात घोळवून थुंकला आणि जरा थांबला. "अं... एकदम आवळून धरतं."

बंगळुरूच्या गृहस्थांनी चष्मा काढला. "सुरुवात चांगली. शेवटही आहे. मध्ये काही नाही. घराला दार आहे, परसदार आहे, पण खोल्याच नाहीत. आणि लाकूड जास्त झालंय. शंभरात अठ्ठ्याऐंशी."

सर्जेरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यांचा अंगठा दुसऱ्या हाताच्या अंगठीवरून फिरायला लागला.

मंजुषाताईंनी एकदा चाखलं, थुंकलं, वहीत दोन शब्द लिहिले, ग्लास बाजूला सरकवला. पुढच्या वाइन आल्या, गेल्या. बाराच्या सुमारास हॉटेलचा वेटर ग्लास गोळा करायला आला. त्यानं 'कातळ'चा ग्लास उचलला आणि रूपा जवळजवळ धावत पुढं गेली.

"तो राहू द्या. कृपा करून."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. "त्याला हवा लागायला पाहिजे," ती म्हणाली. "जेवणानंतर परत चाखाल का? एकदाच."

मंजुषाताईंनी ग्लासवर तळवा ठेवला. "माझा मी नेऊ देणारच नव्हते." मग सर्जेरावांकडं वळून म्हणाल्या, "ही किती महिने लाकडात होती?"

"बारा," सर्जेराव म्हणाले. "पत्रकात दिलंय."

"बारा वाटत नाही मला."

"वीस," रूपा म्हणाली.

तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. शब्द तोंडातून गेला आणि मग तिला ऐकू आला. सत्यमनं मोबाइल खाली ठेवला.

सर्जेराव तिला बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन गेले. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं.

"वीस म्हंजे?"

रूपानं सगळं सांगितलं. एप्रिल, फोन, डिसेंबर.

"पाच वर्षं," सर्जेराव म्हणाले. "पाच वर्षं मी लोकांना बारा म्हणून सांगत फिरतोय, अन् तुम्ही शेजारी उभ्या राहून ऐकताय."

"चुकलं साहेब."

"वाइन चुकली का बोलणं चुकलं?"

"वाइन नाही चुकली."

त्यांनी कठड्यावर हात टेकले. "मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. लई वेळा संधी होती, रूपाताई."

"काढायचं असेल तर काढा मला."

"ते मग बघू. आधी आत चला, माणसं बसलीत."

जेवण झाल्यावर दोन वाजता परत सगळे बसले. दुपारचं ऊन पडद्यातून टेबलावर आलं होतं. सत्यमनं ग्लास उचलला, वास घेतला आणि या वेळी लगेच बोलला नाही. "हे तेच आहे?" त्यानं विचारलं. "करवंद. पिकलेलं, बोटं काळी करणारं. आणि सुकं तंबाखूचं पान."

बंगळुरूच्या गृहस्थांनी मान हलवली. "खोल्या दिसायला लागल्या, मान्य. लाकूड मला अजूनही जास्तच वाटतं. माझे अठ्ठ्याऐंशी राहू द्या."

मंजुषाताईंनी रूपाला खुणेनं बोलावलं, शेजारच्या खुर्चीवर बसवलं. "शेवट किती लांब धरता तुम्ही हिचा?"

"थुंकल्यावर पंचवीस सेकंद मोजते मी. गिळल्यावरचं मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

रूपा घुटमळली. "मी गिळत नाही, मॅडम. कधीच नाही. आमच्याकडं रोज सकाळी पंचशील म्हणतात. मादक पेय घ्यायचं नाही, असं पाचवं शील आहे. ते मी पाळते."

सत्यमला हसू आलं, त्यानं ते आवरलं. मंजुषाताई हसल्या नाहीत. "अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"मग घड्याळ बघा. चव संपली की मी बोट खाली करीन."

त्यांनी घोट घेतला, गिळला, डोळे मिटले आणि उजव्या हाताचं एक बोट वर धरलं. रूपा घड्याळाकडं बघायला लागली, पण तिची नजर परत परत त्यांच्या चेहऱ्यावर जात होती. पंधरा. वीस. भुवया जरा जवळ आल्या. तीस. गालाचा स्नायू हलला, सैल झाला. बोट वरच. आपण केलेली गोष्ट आपल्याला कधीच न दिसलेल्या जागी जाऊन पोचलीय आणि आपण दाराबाहेर उभे आहोत, असं रूपाला वाटलं. चाळीस. पंचेचाळीस. अठ्ठेचाळीसला बोट हळूच खाली आलं.

"अठ्ठेचाळीस," रूपा म्हणाली.

मंजुषाताईंनी वहीत लिहिलं आणि वही मिटली.

तीन आठवड्यांनी लेख आला. तोवर सर्जेराव तिच्याशी थेट बोलत नव्हते. निरोप बन्सीकडून यायचे. लेखात मंजुषाताईंनी लिहिलं होतं: "पहिल्या तासात ही वाइन पाठ फिरवून बसते. तिला सोडून द्या. मग करवंद, तंबाखूचं पान, लोखंडी तव्याचा वास, आणि मागं थंड दगड. वीस महिने ओकमध्ये, न गाळलेली. तिची घडण तिच्या वयापेक्षा मोठी आहे. २०३२च्या आधी उघडू नका, २०४५पर्यंत टिकेल. चौऱ्याण्णव." सत्यमनं एक्क्याण्णव दिले होते.

रूपानं लेख आईला वाचून दाखवला. गोजरबाई लसूण सोलत बसली होती. मुलगी वाइनच्या कारखान्यात लागली तेव्हा ती महिनाभर बोलली नव्हती. मी पीत नाही आई, थुंकते, असं रूपा म्हणाली होती, तर थुंकायचीच तर करायची कशाला, असं तिनं विचारलं होतं.

"मंग बत्तीस सालापातुर कोणी उघडणारच नाय?"

"जाणकार तरी नाही उघडणार."

"बरंय की. तेवढी वर्षं बाटली बंद." मग पाकळी हातात धरून गोजरबाईनं विचारलं, "पण वीस महिने ठेवायचं तर तुला बारा सांगितलं व्हतं ना? त्या नाशिकच्या सायबाला काय बोललीस तू?"

रूपानं सांगितलं.

"म्हंजे पाचवं शील सांभाळलं अन् खोटं न बोलायचं चौथं मोडलं व्हय?"

रूपा उठून गॅलरीत गेली, परत आत आली, पुन्हा गॅलरीत गेली. शेवटी तिथूनच तिनं सल्लागारांना फोन लावला. त्यांनी लेख वाचलेला होता. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"तुमची जीभ बरोबर असेल," ते म्हणाले. "वाइन चांगली झाली, माझी तक्रार नाही. पण मी ती बारा महिन्यांची समजत होतो. तीच बाटली दाखवून मी आणखी चार वायनऱ्यांना बारा महिन्यांचा सल्ला दिला, रूपाताई. त्यांनी ऐकला."

"त्यांचे नंबर द्या," ती म्हणाली. "मी सांगते त्यांना."

त्यांनी दिले. चारही ठिकाणी तिनं फोन केले. दोघांनी आभार मानले, एकानं शिव्या दिल्या, एकानं ऐकून फोन ठेवून दिला. सल्लागारांनी सर्जेरावांचं काम सोडलं. सर्जेरावांनी त्यांच्या जागी कुणाला आणलं नाही, आणि रूपाला काढलंही नाही. माहितीपत्रक नव्यानं छापलं. बाजारात गेलेल्या 'कातळ'च्या निम्म्या पेट्या त्यांनी परत बोलावून तळघरात ठेवल्या.

फेब्रुवारीत कॅबर्ने तोडणीला आली. या वेळी फोन करून विचारायला कुणी नव्हतं. सकाळी नऊला सर्जेराव बागेत आले. रूपा ओळीत उभी राहून मणी चावत होती आणि बिया हातावर काढून बघत होती. काही तपकिरी, काही अजून हिरव्या. उत्तरेला कन्नडकडं आभाळ भरून आलं होतं.

"कधी तोडायची?" त्यांनी विचारलं. व्हरांड्यातल्या त्या दिवसानंतर त्यांनी तिला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न.

"शुक्रवारी."

"चार दिवस? ढग दिसतायत ना?"

"दिसतात."

"अन् पडला तर?"

"तर फळ फुटेल. आज तोडलं तर बी कच्ची राहील, वाइन कडू होईल."

"खात्री आहे का तुमची?"

"नाही, साहेब."

सर्जेरावांनी आभाळाकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग खिशातून फोन काढून त्यांनी तोडणीच्या बायकांच्या मुकादमाला लावला. "आज नको," ते म्हणाले. "शुक्रवारी या, पहाटे."

रूपानं पुढच्या वेलीचा एक मणी तोडला आणि चावला.