विहिरीवरचा मोबाइल

माझ्या सासूबाई नवसाबाई एकदा रुसल्या की देवाचंही ऐकत नाहीत. समोरचा माणूस आधी वाकला पाहिजे, मगच यांची मान वळणार. आणि यांची लेक सुवर्णाताई यांच्याच वळणावर गेलेली. त्यामुळे दोघींचं बिनसलं की मधल्या माणसांचं मरण. मधली माणसं म्हणजे मी आणि आमचे हे.

दोन हजार आठ सालची गोष्ट. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला ताई निफाडहून माहेरी, आमच्या मखमलाबादला आल्या आणि चुलीपुढेच भांडण पेटलं. ताईंना निफाडात कंप्युटरचा क्लास लावायचा होता. आईनं काही दिवस तिकडे येऊन पोराला सांभाळावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

"भाकरी थापायला कंप्युटर लागतो व्हय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"तुला सहीपण येत नाय, तुला काय कळणार!" ताईंच्या तोंडून निघून गेलं.

सासूबाई पुरणपोळी तव्यावर तशीच टाकून उठल्या. ताई न जेवता मिळेल त्या गाडीनं परत गेल्या. करपलेली पोळी मी उतरवली. दुसरं काय करणार?

तेव्हापासून अबोला. आमच्याकडे सणाला लेकीला आणायला भावाला पाठवतात, त्याला मुराळी म्हणतात. सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, "तिनं आधी फोन केला तरच दिवाळीला मुराळी जाईल. नायतर नाय." म्हणायच्या असं, आणि रोज दिवेलागणीला काही ना काही निमित्त काढून फोनपाशी घुटमळायच्या. मला त्यांचा रागही यायचा आणि जीवही तुटायचा.

फोन घरात एकच, तोही मोबाइल. आणि बोलायची चैन आम्हाला परवडत नव्हती, म्हणून सगळा कारभार मिस्ड कॉलवर. दोनदा वाजवून तोडला की 'मी बरी आहे'. समोरच्यानं तसाच वाजवून तोडला की 'कळलं गं बाई'. मिस्ड कॉल उचलायचा मात्र नाही, कारण उचलला की वाजवणाऱ्याचे पैसे कटतात. चुकून उचलणाऱ्याला आमच्याकडे आठवडाभर बोलणी बसत.

त्या पावसाळ्यात लोडशेडिंगनं उच्छाद मांडला होता. वीज कधी येईल, कधी जाईल, नेम नाही. झेंडूला पाणी द्यायला आमचे हे, कुंदन, घर ते विहीर अशी दिवसभर तंगडतोड करायचे. शेवटी हबीबभाईंनी तोड काढली. हबीबभाई मूळचे मालेगावचे, तिकडे यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करायचे, आता पंचवटीत त्यांचं दुकान आहे. त्यांनी आमचा जुना मोबाइल पत्र्याच्या डब्यात बसवला, त्याची बेल काढून वायर पंपाच्या स्टार्टरला जोडली आणि डबा विहिरीवर टांगला. त्या नंबरवर मिस्ड कॉल दिला की मोटर चालू, परत दिला की बंद. जुनं सिमकार्ड लाइफटाइमचं होतं, पैसे न भरता त्याच्यावर फोन येत राहायचे. म्हणून तेच डब्यात गेलं आणि घरात नवा फोन, नवा नंबर आला.

नवा नंबर मार्केटातल्या व्यापाऱ्यांना गेला, पाहुण्यारावळ्यांना गेला. ताईंना कळवायचं काम यांनी उद्यावर ढकललं, कारण ताईंचं नाव निघालं की सासूबाई भांडी आपटायच्या. तो उद्या काही उगवला नाही.

आमचे हे मात्र हवेत. अंगणातल्या बाजेवर आडवे पडून मोटर चालू करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, "आमच्या मोटरला अक्कल आलीया."

भाद्रपदात त्या अकलेला काय झालं कोण जाणे. संध्याकाळी मोटर आपोआप चालू व्हायची. कधी यांनी चालू केलेली आपोआप बंद पडायची. दसऱ्यासाठी लावलेला झेंडू, त्याचे काही वाफे चिखलात बुडाले, काही कोरडे ठणठणीत. यांनी शेजाऱ्यांवर संशय घेतला. सासूबाईंनी डब्याला लिंबू-मिरची बांधली. मिरचीनं वायर सुधारते का, असं मी विचारलं, तर मला जी नजर मिळाली ती अजून आठवते.

शेवटी हबीबभाईंना बोलावलं. ते उन्हं कलताना आले. आम्ही तिघंही विहिरीवर गेलो. सासूबाई आल्या ते लिंबू कुणी काढू नये म्हणून. हबीबभाईंनी डबा उघडला, स्टार्टरची वायर सोडवली, फोनला बेल परत जोडली आणि म्हणाले, "आता बसा. कोण छळतंय ते कळंलच."

दिवेलागण झाली आणि फोन वाजला. दोनदा वाजून तुटला. हबीबभाईंनी तो माझ्या हातात दिला. पडद्यावर नाव होतं. मी ते दोनदा वाचलं.

"कोण हाय गं छाया?"

"सुवर्णाताई."

"नीट वाच."

"नीटच वाचलं, आई."

हबीबभाईंनी बटणं दाबून पाहिलं. "कुंदनचे सोडले तर बाकी सगळे कॉल याच नंबरचे हायेत, मावशी. रोज येतात. या कॉलनंच मोटर चालू व्हायची, बघा."

सासूबाई विहिरीच्या कठड्यावर मटकन बसल्या. मला वाटलं, लेक आधी वाकली, आता ह्या मिरवतील. पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"माझी पोर रोज दारात येऊन हाका मारीत व्हती," त्या म्हणाल्या, "आन मी मेली लिंबू बांधीत बसले."

यांचं तोंड तर पाहवत नव्हतं. खिशातून नवा फोन काढून ते ताईंना लावणार, एवढ्यात माझ्या हातातला फोन परत वाजला. मग माझ्या लक्षात आलं. उत्तर आलं नाही की काही दिवशी ताई वाट बघून पुन्हा एकदा वाजवत असणार. त्या आशेवर आमची मोटर चालू-बंद होत होती. मला फार वाईट वाटलं.

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून ओढला. आयुष्यात कधी मिस्ड कॉल न उचललेल्या बाईनं हिरवं बटण दाबलं.

जुन्या फोनचा आवाज मोठा. पलीकडचं सगळं आम्हाला ऐकू येत होतं.

"आई? अगं, उचलला कशाला? मिस्ड कॉल व्हता. पैसे कटतील ना माझे."

"कटू दे," सासूबाई म्हणाल्या.

मग दोघी रडल्या. बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या रडल्या, ताईंचा बॅलन्स संपून फोन आपोआप तुटेपर्यंत. तुटल्यावरही सासूबाईंनी तो कानाला तसाच धरून ठेवला होता. हबीबभाई उगाच पान्यानं एक घट्ट नट पुन्हा पुन्हा आवळत होते.

जरा वेळानं सासूबाईंनी नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात हुकूम सोडला, "कुंदन, उद्या सकाळच्या गाडीनं निफाडला जायचंय."

"मुराळी म्हणून? आई, दिवाळीला लय अवकाश हाय अजून."

"मुराळी नाय रे. मला सोडायला चल. पोरगं मी सांभाळते. तिला क्लासला जाऊ दे."