पोटात उरलेली वीज

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. टेपमधला किंवा रेडिओतला बारीक आवाज घ्यायचा आणि खोली भरेल एवढा मोठा करून स्पीकरला द्यायचा, हे माझं काम. माझ्यामुळे एकदा एका माणसाच्या जिवावर बेतलं. दोष कुणाचा, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. अजूनही पुरतं कळलं आहे असं म्हणवत नाही.

न्यूझीलंडमधल्या एका लहानशा कारखान्यात मी तयार झालो. पत्र्याची पेटी, वर भोकाभोकांचं झाकण आणि आत काचेचे सहा व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या बल्बसारख्या नळ्या. ते नारिंगी उजळतात आणि चांगलेच तापतात. पुढे बोटीतून मी सामोआच्या सवाइई बेटावर आलो, पेनितोआच्या घरी.

पेनितोआ चर्चमधल्या गायकांचा मास्तर होता. शुक्रवारचा सराव तो टेप करायचा आणि शनिवारी सगळ्यांना चटयांवर बसवून माझ्यातून ऐकवायचा.

"तिसऱ्या ओळीत डुक्कर कोण ओरडलं?" तो डोळे वटारून विचारी.

"मास्तर, ते खरंच डुक्कर आहे," मागून कुणीतरी म्हणे. "खिडकीखालून गेलं होतं."

सगळे हसत, पेनितोआसुद्धा. तो रोज मला कोरड्या फडक्याने पुसायचा. माझ्यावर त्याच्याइतकी माया कुणीच केली नाही, असं मला वाटे.

एका ऑक्टोबरात मुलांचा रविवार जवळ आला होता. त्या दिवशी पांढरे कपडे घालून मुलं गातात, आणि सारं गाव ऐकायला येतं. सराव ऐन भरात असताना माझ्या आत 'चट्' असा आवाज झाला आणि मी विझलो. काय झालं, मला काही उमगेना.

पेनितोआने माझ्या पाठीतला फ्यूज काढला. फ्यूज म्हणजे बारीक तार असलेली काचेची नळी. आत काही बिघडलं की ती स्वतः जळते आणि वीज तोडते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला तो माझा दुबळेपणा वाटे. दुकानात तसला फ्यूज नव्हता. मग पेनितोआने वीज जावी म्हणून चांदीचा कागद नळीभोवती गुंडाळला आणि ती परत बसवली.

मी उजळलो! किती आनंद झाला म्हणून सांगू! पण दुसरं गाणं संपेपर्यंत मी नको इतका तापलो. जळका वास सुटला.

"दादा, बंद कर ते!" त्याची धाकटी बहीण मकेरिता स्वयंपाकाच्या चुलीकडून धावत आली.

त्याने प्लग ओढला, झाकण काढलं आणि घामेजलेला हात सरळ आत घातला.

"अरे, थांब जरा!"

"प्लग काढलाय गं. आता काय खातंय ते मला?"

मित्रांनो, पुढचं सांगताना मी अडखळतो. मी त्याला मारलं म्हणू, की त्याला माझ्यातून शॉक लागला म्हणू? मी तर बंद होतो. तरी पेनितोआ मागे फेकला गेला आणि चटईवर पडला. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. ज्याने गावाला गायला शिकवलं, त्याचाच आवाज मी काढून घेतला होता का?

त्याला ट्रकमध्ये घालून इस्पितळात नेलं. चार दिवसांनी तो परतला, भाजलेल्या बोटांना पट्टी बांधून. मुलांचा रविवार तोवर होऊन गेला होता. मकेरिताने मला मागच्या खोपटात नेऊन ठेवलं. सात महिने माझ्यावर एक कोंबडी बसत होती. पेनितोआ दारापर्यंत येई, बघे आणि परत जाई. तो माझ्यावर रागावला होता, की मला भ्याला होता?

मग एके सकाळी लांगिमाइना आली. ती बंदराच्या धक्क्यावर बोटींचे रेडिओ दुरुस्त करायची. मकेरितानेच तिला बोलावलं होतं. तिने मला कोरड्या टेबलावर ठेवलं, पायाखाली रबर घेतलं आणि घड्याळ, अंगठी काढून ठेवली.

"मास्तर, तुम्ही स्वतःच्या हातांवर बसा," ती म्हणाली. "ह्याचा प्लग कुठाय? मला डोळ्यांनी दिसू दे."

"सात महिने बंद आहे तो!"

"असू दे. असल्या यंत्रांच्या पोटात वीज साठते. प्लग काढला तरी ती उरते."

वीज छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे ठेवून, एकाच हाताने तिने साठलेली वीज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर लावलेली तार आत टेकवली, थांबली आणि मीटर लावला. सुई शून्यावर होती. तिने पुन्हा एकदा पाहिलं. मला आधी अपमान वाटला. ही बाई मला साप समजते की काय?

मग तिने चिमट्याने एक जळालेली पाल बाहेर काढली. माझ्या उबेला आलेली बिचारी विजेच्या दोन टोकांच्या मध्ये सापडली होती. त्यानंतर तिने फ्यूज काढला आणि पेनितोआसमोर धरला.

"मास्तर, हे काय?"

पेनितोआ हातांवर बसल्या बसल्या खिडकीबाहेर बघू लागला.

"अन् कागद तर सिगारेटच्या पाकिटातला दिसतोय," मकेरिता म्हणाली. "गायकांना सिगारेट बंद ना, दादा?"

लांगिमाइना हसली नाही. "फ्यूज तुम्हाला ओरडून सांगत होता. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. घर जळलं असतं."

तिने फ्यूजच्या जागी एक साधा बल्ब जोडून वीज दिली. बल्ब भगभगीत पेटला आणि तसाच राहिला. तिने झटकन प्लग ओढला. "अजून खराबी आहे." माझ्या एका व्हॉल्व्हच्या आतले भाग एकमेकांना चिकटले होते. आतली वीज पुन्हा काढून, मीटर बघून, तिने तो बदलला. ह्या वेळी बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. तेव्हा कुठे तिने बल्ब काढला, योग्य मापाचा नवा फ्यूज घातला आणि पाल शिरू नये म्हणून माझ्या भोकांवर बारीक जाळी बसवली.

शनिवारी गायक जमले. पेनितोआ टेप लावायच्या आधी उभा राहिला.

"ह्या यंत्राने मला मारलं, असं मी गावभर सांगत होतो," तो म्हणाला. "ते खोटं आहे. फ्यूजच्या जागी कागद मी कोंबला. झाकण मी उघडलं. पोरांनो, असं कधी करू नका." आणि तो खाली बसला. मकेरिताने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, ज्याने माया केली त्याने मला जवळजवळ जाळलं, आणि जिने मला धोका मानलं तिने वाचवलं. ह्याचा मेळ मला अजून बसत नाही. तुम्हाला एवढंच सांगतो: मी बिघडलो तर प्लग काढा आणि माझं झाकण जाणत्या माणसाकडूनच उघडा. फ्यूज जळला तर त्याच मापाचा आणा, आणि पुन्हा जळला तर मला बंदच ठेवा. तुम्ही मला खुशाल घाबरा. मला वाईट वाटणार नाही.