नाही घसरला

मित्रांनो, मी एक जुना बेसबॉल आहे. माझ्या अंगावरचा तपकिरी डाग मातीचा नाही, माणसाच्या रक्ताचा आहे.

एका बाईने दोन सुयांनी मला एकशे आठ टाके घातले. जन्मच टोचण्यातून झाला, त्यामुळे माराचं मला नवल नाही. सामन्याआधी ओल्या चिखलाने चोळून माझी नवी चकाकी घालवली, मी बोटांतून निसटू नये म्हणून. एवढं लक्षात ठेवा.

त्या रविवारी साखर कारखान्याजवळचं मैदान दुपारीच भरलं होतं. समोरच्यांच्या पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, चेंडू मारून आमच्या एका खेळाडूचं कोपर फोडलं. म्हातारे प्रशिक्षक फुलेन्सिओ आमच्या पिचरच्या, एलिएसेरच्या, कानाशी लागले.

"आता तुझी पाळी, बाळा. बरगडीत घाल. डोक्यात नाही, समजलं?"

आपल्या माणसाला लागलं की त्यांच्या माणसालाही लागलंच पाहिजे, असा तिथला जुना रिवाज. एलिएसेरने मला धरलं. बोटं कोरडी होती, पकड घट्ट होती. तरी सुटल्यावर मी बरगडीकडे गेलोच नाही; वर चढलो आणि ओस्बाल्दो नावाच्या फलंदाजाच्या गालफडावर आदळलो. ऊस मोडावा तसा आवाज झाला. तो तोंडावर पडला. मग दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. ठोसे, लाथा, कुणाची भुवई फुटली, कुणी कुणाचा कान चावला. लाथाडला जात मी कुंपणाच्या फटीतून बाहेर गडगडलो, तो युदेल्काच्या पायाशी.

युदेल्का अकरा वर्षांची, गल्लीच्या संघाची पिचर. एलिएसेरचा फोटो तिने खाटेवरच्या भिंतीला खळीने चिकटवला होता. तिने मला उचललं, पण फ्रॉकला पुसलं नाही.

सामना संपला. बसपाशी एलिएसेर सुजल्या ओठांनी बातमीदारांना सांगत होता, "घामाने चेंडू घसरला."

"घसरला म्हणे," शेंगदाणेवाला पुटपुटला. "आमंत्रण दिल्यासारखा बरोबर पोचला की."

युदेल्काने मला पुढे केलं. "दादा, सही."

त्याने पेन उघडलं, मला फिरवलं आणि डाग पाहून थांबला.

"तुमचा घसरला म्हणून डोक्यात गेला ना?" ती म्हणाली. "उद्या मलापण पलीकडच्या गल्लीतल्या मासिएलला चेंडू मारायचाय. तिने आमच्या पेपितोचा दात पाडला. पण माझा नाही घसरणार. मी चेंडू आधी चिखलात चोळून घेईन. बरोबर बरगडीत बसेल."

बातमीदार हसले. एलिएसेर हसला नाही. त्याची बोटं माझ्या टाक्यांवर, फेकताना होती त्याच जागी गेली. मी तेव्हा मुका होतो, पण त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं.

"नाही घसरला, पोरी," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मी नेम धरला होता. बरगडीवरच धरला होता. तरी डोक्यात गेला."

'नाही घसरला' हेच दोन शब्द त्याने माझ्यावर लिहिले आणि खाली नाव घातलं. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात आले. त्या हंगामात त्याला पुन्हा मैदानात उतरू दिलं नाही.

त्याच दिवशी गल्लीत युदेल्का दुसरा चेंडू घेऊन उभी राहिली. मी तिच्या खिशात होतो. चुलतभाऊ नान्दो मागून ओरडला, "बरगडीत!" तिने खिशावर हात ठेवला, मग सरळ मधोमध चेंडू टाकला. मासिएलने तो टोलवून गल्लीमागच्या उसात भिरकावला.

"काय गं, घसरला का हातातून?" नान्दो चिडला.

"नाही घसरला," युदेल्का म्हणाली आणि चेंडू शोधायला उसात शिरली.

मित्रांनो, ओस्बाल्दोचा डावा डोळा अजून पाझरतो. मी युदेल्काच्या खिडकीत असतो. शाई फिकी झाली, डाग तसाच आहे. जुन्या वस्तू पुसून नीट ठेवाव्यात, हे खरंच. मला मात्र तेवढं पुसू नका.