म्हातारीसमोरची खुर्ची

मी एक जुनी, जाड काचेची टीव्हीची पेटी आहे. माझ्या पाठीला हे एवढे पोक आहे. मला उचलायला दोन माणसे लागतात आणि उचलताना दोघेही शिव्या देतात. मित्रांनो, तुम्हाला मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. नाहीतर तुमच्यातल्या निम्म्यांनी माझ्या काचेवर चिकट बोटे फिरवली आहेत, ते मी विसरलेले नाही. आणि चेहरा पाडून ऐकू नका. मला दया नको आहे. मला जे म्हणायचे आहे ते नीट ऐका, म्हणजे झाले.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या काचेतली सगळी हवा काढून घेतली, मानेभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवली आणि मला एका बाईच्या पुढ्यात ठेवले. चित्र सरळ दिसावे म्हणून ती गुंडाळी केसभर पुढे, केसभर मागे सरकवत बसली. मागून साहेब ओरडला, "बाई, चालेल तेवढं!" ती मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला चालेल. मला नाही चालत." तिचा स्वभाव माझ्यात उतरला असावा. त्यानंतर माझ्याकडे जे चित्र आले ते मी आल्या क्षणी दाखवले. आत ठेवून घेतले नाही, नटवले नाही, सावकाश बघू म्हटले नाही.

पहिली काही वर्षे मी एका शिंप्याच्या घरी होते. शिंप्याची बायको रोज उरलेल्या मऊ कापडाने माझी काच पुसायची. आधी कोरडे फडके, मग जरासे ओलसर, मग पुन्हा कोरडे. कडेपर्यंत, कोपऱ्यापर्यंत. मग त्यांच्याकडे चपटा टीव्ही आला, आणि त्याच बाईने मला दोन माणसांकरवी जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवले आणि माझ्या डोक्यावर कुंडी ठेवली. कुंडी! तिला पाणी घातले की चिखल माझ्या काचेवरून ओघळायचा. जाणारा-येणारा मला बघून म्हणायचा, "हे धूड अजून इथेच?" मी सगळ्यांचे चेहरे लक्षात ठेवले आहेत.

तिथून मला मामांनी नेले. मामांचे गेम पार्लर होते. त्यांची भाची त्यांना मामा म्हणायची, म्हणून येणारी सगळी पोरेही मामाच म्हणायची. त्यांनी मला एका टेबलावर बसवले आणि माझ्या पाठीला पाठ लावून एक चपटी बसवली. तीसुद्धा टीव्हीच, पण फुंकरीने उडेल इतकी हलकी. माझ्यासमोर एक खुर्ची, तिच्यासमोर एक खुर्ची. खेळ मारामारीचा. दोघे खेळाडू समोरासमोर बसत आणि आपापल्या पडद्यात बघत, म्हणजे एकाची बोटे दुसऱ्याला दिसत नसत. यंत्र एकच. त्यातून एक वायर माझ्याकडे यायची आणि एक चपटीकडे जायची.

आता इथे कान द्या. माझी वायर सरळ माझ्यात शिरायची. चपटीला ती वायर बसत नव्हती, म्हणून मामांनी मध्ये एक छोटी डबी जोडली होती. चित्र आधी त्या डबीत जायचे, मग चपटीत, आणि चपटी त्याला पावडर-लाली लावून मग कुठे दाखवायची. उशीर किती, तर डोळ्याचे पाते लवायलाही पुरणार नाही एवढा. पण मारामारीच्या खेळात तेवढ्यात दात पडतात. माझ्यासमोर बसलेल्याला येणारा ठोसा दिसायचा. चपटीसमोर बसलेल्याला आलेला ठोसा दिसायचा.

आणि मामांच्या पार्लरचा कायदा काय होता? भिंतीवर लाल रंगात लिहिला होता: जिंकेल त्याने उठायचे नाही.

म्हणजे एकदा जो माझ्यासमोर बसून जिंकला, तो माझ्यासमोरच बसणार. आव्हान देणाऱ्याने जाऊन चपटीपुढे बसायचे, मार खायचा आणि उठायचे. कायदा करणाऱ्याला वाटते, मी केवढा न्यायी! कोणती खुर्ची कशी आहे, हे बसून कोण बघतो?

माझ्यासमोर बसायचा मामांचा मुलगा. त्याला सगळे बिनतोड म्हणायचे. जिंकला की माझ्या डोक्यावर थाप मारायचा आणि मला 'म्हातारी' म्हणायचा. "म्हातारीसमोर आलात तर मराल!" असे पोरांना सांगायचा. इतकी वर्षे बसला, पण माझी काच एकदा पुसली नाही. गल्ल्यावर त्याची आई बसायची, म्हणजे मामी. येईल त्याला ती ऐकवायची, "आमच्या पोराचा हात म्हणजे नुसती वीज!" वीज माझी होती, बाई. भिंतीतल्या बटणातून येत होती.

लोक म्हणायचे, बिनतोड जिंकला. जिंकत होते मी. माझे नाव कोणी घेतले? आणि त्याला ते माहीत नव्हते असे समजू नका. चपटीचा आवाज तो कायम बंद ठेवायचा. कोणी लावायला गेले की म्हणायचा, "नको, दोन-दोन आवाजांनी डोकं दुखतं माझं." पोरे ऐकायची. चॅम्पियनचे डोके ना ते!

एकटी भाची ऐकायची नाही. मामांच्या बहिणीची मुलगी, हिचे नाव पार्लरात कुरकुरी पडले होते. कारण दर वेळी हरली की ती एकच सांगायची, "मी आधी मारला होता. माझा ठोसा आधी गेला होता!" सगळे हसायचे. मामी तर पदर तोंडाला लावून हसायची. "हरलं की बोटं कुरकुरतात, जिंकलं की नाही कुरकुरत," म्हणायची. पोरगी खरे बोलत होती. पण मला तरी तिचे काय पडले होते? ती माझ्या पाठीमागची. मी तिचा चेहरा कधी पाहिलाही नव्हता.

त्या वर्षी मोठ्या स्पर्धेची घोषणा झाली. प्रत्येक पार्लरमधून एकच खेळाडू घेणार होते. मामांनी सांगितले, रविवारी दुपारी लढत, जो जिंकेल तो जाईल. कुरकुरीला तिच्या आईने आधीच बजावले होते, "या वेळी नाव लागलं तर लागलं. नाहीतर खेळाचा रिमोट खाली ठेवायचा आणि माझ्याबरोबर दुकानात उभं राहायचं." त्यामुळे त्या पोरीसाठी ती शेवटची दुपार होती, आणि पार्लरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते.

रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बिनतोड नेहमीसारखा माझ्यासमोर ऐटीत बसला. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आज आवाज लाव माझ्या बाजूचा," कुरकुरी म्हणाली.

"नाही. डोकं दुखतं."

"मग गोळी घे. हरणारच आहे ना मी? निदान ऐकत हरते."

"आई, सांग ना हिला!"

"अगं, सुरू व्हायच्या आधीच कुरकुर?" मामी गल्ल्यावरून म्हणाली. "मोठ्या भावाला डोकेदुखी आहे म्हणतोय ना तो?"

"मामी, त्याची डोकेदुखी मीच आहे. आवाजाला कशाला बोल लावता?" असे म्हणून तिने चपटीचे बटण दाबले आणि आवाज पूर्ण वर नेला.

खेळ सुरू झाला. पहिला ठोसा पडला.

धप्. धप्.

एकच ठोसा, पण दोनदा वाजला. आधी माझ्याकडून, मागून चपटीकडून. गर्दीने माना पुढे काढल्या. बिनतोडने पुन्हा मारला. धप्. धप्.

"घुमतंय," बिनतोड घाईघाईने म्हणाला. "खोली रिकामी असली की घुमतं."

"रिकामी?" कुरकुरी म्हणाली. "इथे माणसं एकमेकांच्या पायांवर उभी आहेत!"

ती उठली, आणि तेव्हा मी पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. तिने चपटीला दोन्ही हातांनी उचलले, वळवले आणि माझ्या शेजारी ठेवले, तोंडे एकाच दिशेला. मग म्हणाली, "मार आता. हवेत मार." तो जागचा हलेना. तेव्हा तिनेच आपला रिमोट उचलून बटण दाबले. माझ्यातल्या पैलवानाने हात वर केला. तो खाली यायला लागला, तेव्हा कुठे चपटीतल्या पैलवानाचा हात वर गेला. पार्लरातल्या सगळ्यांनी पाहिले. मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"तुला माहीत होतं?" मामांनी मुलाला विचारले.

"डोकं दुखायचं, बाबा."

"मी डोक्याचं विचारत नाहीये."

तो रिमोटची वायर बोटाला गुंडाळत बसला. मामी मात्र उठून पुढे आली. "यंत्राचा दोष माझ्या पोराच्या माथी मारू नका! इतकी वर्षं जिंकतोय तो काय उगाच?"

"त्याचा हात वीज आहे ना, मामी?" कुरकुरी म्हणाली. "मग चमकू दे आता, सगळ्यांसमोर."

बिनतोडला घाम फुटला होता, पण अकड गेली नव्हती. "ठीक आहे. बदलू जागा. बस तू म्हातारीसमोर, मी बसतो चपटीपुढे. झालं समाधान?"

गर्दी म्हणाली, बरोबर आहे, आता हिची पाळी. मलाही वाटले, बसेल ही. कोण नाही बसणार?

"मी नाही बसत," ती म्हणाली. "मी अशी जिंकले तर उद्या तू कुरकुरशील. ते नाव माझं आहे, तुला देणार नाही. दोघांनी एकाच टीव्हीवर खेळायचं. चपटीवर बस माझ्या शेजारी."

"वा! तिची तुला सवय आहे. मी मुळीच खेळणार नाही तिच्यावर."

त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालेले ते पहिले खरे वाक्य. कुरकुरीने थोडा विचार केला.

"बरं, मग म्हातारीवर. सवय तुझी, टीव्ही तुझा. पण खुर्ची दोघांची."

मला कोणी विचारले नाही. मला विचारायची पद्धतच नाही. मामांनी दोन्ही खुर्च्या हटवल्या आणि पाणी पिण्याच्या जागेजवळचा बाक ओढून माझ्यासमोर ठेवला. दोघे खांद्याला खांदा लावून बसले. चपटीची वायर काढून टाकली.

पहिली फेरी तो जिंकला. तिची बोटे उशिराच्या हिशेबाने चालत होती, सगळे वार आधीच पडून वाया जात होते. मामीने टाळ्या पिटल्या. पोरगी मात्र माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. "अगं बाई," ती म्हणाली, "ही तर म्हणताक्षणी ऐकते!" एवढी वर्षे खेळून आपला हात वेळेवर हललेला तिने पहिल्यांदा पाहिला होता.

दुसऱ्या फेरीत तिची बोटे लागली. आणि मग मला जे दिसले ते माझ्या काचेला पटेना. बिनतोड वार दिसला की अडवायचा. त्याला तेवढेच येत होते, कारण त्याला कायम वेळेवर दिसत आले होते. ती मात्र इतकी वर्षे उशिरा बघत आली होती. दिसेपर्यंत थांबली असती तर एक दिवस टिकली नसती. म्हणून समोरचा आता काय करणार, हे ती आधीच ओळखायला शिकली होती. आता तिला ओळखूही येत होते आणि दिसतही होते. त्याने हात उचलायच्या आत ती बाजूला झालेली असायची.

"ढकलू नकोस!" तो ओरडला.

"कोपर माझं आहे, बाक मामांचा आहे. सरक तिकडे!"

दुसरी फेरी तिची. तिसरीही तिची. त्याचा पैलवान आडवा झाला तेव्हा माझ्यातून एकच आवाज आला. धप्.

मी दोघांनाही सारखेच दाखवले होते. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदाच मी जिंकले नाही. पहिल्यांदाच दुसरे कोणीतरी जिंकले.

कुरकुरी स्पर्धेला गेली. तिथे सगळ्यांना एकसारखे टीव्ही होते म्हणे, एकसारख्या वायरी. तिथली हकिगत तिला विचारा, मला नको. माझ्यासमोरचे तेवढे मी सांगते. मामी दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ही पेटी भंगारात द्या. हिच्यामुळे माझ्या पोराची शोभा झाली." बघा! जिंकवत होते तेव्हा पोराचा हात वीज, आणि सारखे दाखवले तर पेटी भंगार. मामांनी तिचे ऐकले नाही. त्यांनी चपटी बघ्यांसाठी उंच भिंतीवर टांगली, तिथे तिच्या नटण्याने कोणाचे काही बिघडत नाही. भिंतीवरचा कायदा पुसला आणि नवा लिहिला: दोघांनी एकाच बाकावर. अक्षर वाकडेच आहे, पण कायदा सरळ आहे.

बिनतोड बरेच दिवस फिरकला नाही. आला तेव्हा त्याला कोणी त्या नावाने हाक मारली नाही. तो बाकावर बसला आणि हरला. पुन्हा आला, पुन्हा हरला. शाळेतल्या पोरांकडून हरला, स्पर्धेहून परतलेल्या बहिणीकडून तर किती वेळा. ती त्याला सोडायची नाही. "डोकं दुखतंय का रे?" असे प्रत्येक वेळी विचारायची. तो दात-ओठ खायचा आणि पुन्हा बसायचा. तेवढे मी त्याच्या बाजूने सांगते. बसायचा.

मित्रांनो, आता माझे मागणे ऐका आणि तुमच्या घरच्यांनाही सांगा. जिंकून छाती फुगवण्याआधी उठा, समोरच्याच्या खुर्चीत जाऊन बसा आणि तिथून काय दिसते ते बघा. बघायची भीती वाटली, तर तुम्ही जिंकलेले नाही, तुमच्या पेटीने जिंकवले आहे. आणि त्या पेटीला निदान पुसत तरी जा.

एका दुपारी तो तिच्याशी खेळला आणि जिंकला. एकदाच. शेवटचा वार त्याने दिसायच्या आधी ओळखला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, "हं. हा खरा होता," आणि पाणी प्यायला उठली. तो एकटाच माझ्यासमोर बसून राहिला. मला वाटले, आता डोक्यावर थाप मारील. त्याने थाप मारली नाही. सदऱ्याची बाही तळहातावर ओढली आणि माझी काच पुसली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कोपरे तसेच राहिले. मेल्याला अजून शिकायचे आहे.